मुशीतून वाचलेली नाणी

सन १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतून सोन्याची दोन नाणी बाहेर पडली. एकाच्या पाठीवर घोड्यावर बसून व्यालाचा वध करणाऱ्या सेंट जॉर्जची आकृती होती. दुसऱ्याच्या पाठीवर फुलापानांच्या वेलीने वेढलेला पंधरा रुपये हा आकडा होता. पहिल्याचे खरे नाव सॉव्हरिन. परंतु आपल्याकडच्या सराफकट्ट्यावर आणि घराघरांत त्याला गिनीच म्हणत आले आहेत. दुसऱ्याला सरकारी कागदपत्रांत मोहोर म्हटलेले आढळते. दोन्ही नाणी वजनाने तंतोतंत सारखी, म्हणजे आठ ग्रॅमला किंचित कमी. दोहोंचा कसही एकच, बारा भागांत अकरा भाग सोने. गिन्या पाडल्या गेल्या १२,९५,३७२ आणि पंधरा रुपयांच्या मोहोरा २१ लाखांहून अधिक. जी वस्तू संख्येने थोडी ती दुर्मिळ, असा साधा हिशेब केला तर गिनी दुर्मिळ ठरावी आणि मोहोर सुलभ. प्रत्यक्षात घडले आहे नेमके उलटे. त्या वर्षीची मुंबईची गिनी आजही सोन्याच्या भावापेक्षा फारशी अधिक किंमत न देता मिळू शकते. तिच्याच वजनाच्या मोहोरेसाठी मात्र संग्राहकाला सोन्याच्या भावापेक्षा बरीच अधिक रक्कम मोजावी लागते. ज्याला या उलट्या हिशेबाचे मर्म कळले, त्याला सुवर्णनाण्यांच्या संग्रहाचे निम्मे शास्त्र कळले असे म्हणावयास हरकत नाही.

या नाण्यांचा जन्म पहिल्या महायुद्धाच्या ओढगस्तीत झाला. हिंदुस्थानातून युद्धासाठी माल मोठ्या प्रमाणावर जात होता आणि त्याची किंमत येथे रुपयांत चुकवावी लागत होती. रुपया चांदीचा होता, आणि चांदी तर जगभर महाग होत चालली होती. लोक कागदी नोटा घेऊन सरकारी खजिन्यापुढे उभे राहू लागले. नोटेवर छापलेल्या वचनाप्रमाणे त्यांना रोख रुपये हवे होते. अमेरिकेने १९१८ च्या एप्रिलमध्ये खास कायदा करून आपल्या साठ्यातील चांदी विकण्याची सोय केली आणि त्यातील २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानकडे आली, तेव्हा कोठे संकट टळले. दरम्यान सरकारजवळ सोने होते. कारण १९१७ पासून देशात येणारे सोने सरकारलाच विकले पाहिजे असा वटहुकूम होता. त्या सोन्याची नाणी करून बाजारात सोडावीत असे ठरले. लंडनच्या शाही टांकसाळीची एक शाखा मुंबईत उघडून तेथे गिन्या पाडावयाच्या होत्या. परंतु त्या शाखेची सिद्धता होण्यास वेळ लागला. तोवर काम अडू नये म्हणून हिंदुस्थान सरकारने स्वतःच्या अधिकारात पंधरा रुपयांची मोहोर पाडली. शाही शाखा १९१८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि १९१९ च्या एप्रिलमध्ये बंदही झाली. अवघ्या आठनऊ महिन्यांच्या या संसाराची खूण म्हणून गिनीवर तारखेच्या वरच्या भूमिरेषेच्या मधोमध ‘आय’ हे एक बारीक इंग्रजी अक्षर आहे. भिंगाशिवाय ते सहसा दृष्टीस पडत नाही.

पुढे या दोन बहिणींच्या वाटा फुटल्या. कायद्याने दोघींची किंमत पंधरा रुपये. परंतु त्या वर्षांत बाजारात सोने याहून महाग होते. पंधरा रुपयांना मिळालेले नाणे वितळविले तर त्याचे पंधराहून अधिक रुपये होतात हे कळावयाला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. नाणी खिशातून निघून सोनाराच्या मुशीत जाऊ लागली. त्यानंतर १९२० मध्ये रुपयाचा भाव नव्याने बांधण्यात आला आणि गिनीची कायदेशीर किंमत दहा रुपये ठरली. आता गिनीवर तिची किंमत कोरलेली नाही. त्यामुळे तिला पंधरा म्हणा की दहा म्हणा, तिचे काही बिघडत नव्हते. मोहोरेच्या पाठीवर मात्र पंधराचा आकडा ठसठशीत उमटलेला. तेवढ्याच सोन्याच्या गिनीला सरकार दहा रुपये म्हणते आणि मोहोर स्वतःला पंधरा रुपये म्हणवते, अशी ही विसंगती होती. गिनीला लंडनपासून सिडनीपर्यंत नाणे म्हणून मागणी होती, बँकांच्या तिजोऱ्यांत तिला मानाची जागा होती. मोहोरेला देशाबाहेर कोणी ओळखत नव्हते आणि देशात तिचे काम संपले होते. पुढे १९२७ च्या कायद्याने गिनीचेही चलनत्व गेले. १९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले, सोन्याचा भाव चढला, आणि पिकांचे भाव कोसळल्यामुळे हवालदिल झालेल्या शेतकऱ्यांच्या घरातील सोने मुंबईच्या बंदरातून बोटी भरभरून परदेशी गेले. त्या वेळच्या वृत्तपत्रांनी त्याला संकटाचे सोने म्हटले. त्या सोन्यात बांगड्या होत्या, गोठ होते, तशीच नाणीही होती. आणि त्यांची गणती कोणी ठेवली नाही.

तात्पर्य असे, की टांकसाळीच्या वहीतील आकडा नाण्याचा जन्म सांगतो, त्याचे आयुष्य सांगत नाही. तांब्याचे नाणे हरवते, झिजते, गंजते. सोन्याचे नाणे यांपैकी काहीच करीत नाही; त्याला मृत्यू एकच, आणि तो मुशीत. म्हणून सुवर्णनाण्यांच्या बाबतीत किती पाडली यापेक्षा किती वाचली, हाच खरा प्रश्न होय.

नाणे वाचविण्याच्या कामी आपल्याकडच्या स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे, आणि संग्राहकांनी त्याची पुरेशी जाण ठेवलेली नाही. महाराष्ट्रातील पुतळ्यांची माळ प्रसिद्धच आहे. ही पुतळी म्हणजे मुळात इटलीतील व्हेनिस नगराचे डुकाट नावाचे सोन्याचे नाणे. सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे आणि जवळजवळ शुद्ध सोन्याचे. त्याच्या एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती आणि दुसऱ्या बाजूस लंबवर्तुळात उभा येशू ख्रिस्त. अरबी समुद्रावरील व्यापाराबरोबर हे नाणे कोकणच्या व मलबारच्या बंदरांत उतरले. इकडच्या लोकांना त्यावरचा संत ठाऊक नव्हता आणि अधिपतीही ठाऊक नव्हता; त्यांना त्यावर पुतळ्या दिसल्या, म्हणून ती पुतळी झाली. मागणी वाढली तशी सोनारांनी तिच्या नकलाही केल्या आणि त्या नकलांवरील लॅटिन अक्षरे हळूहळू निरर्थक रेघोट्या होऊन गेली. गिनीलाही याच रीतीने कडी लागली आणि ती गळ्यात गेली. संग्राहक अशा नाण्याकडे नाक मुरडतो. कारण कडीच्या डाखामुळे कड बिघडते आणि कडी काढून टाकली तरी व्रण राहतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. परंतु अंगावरचा दागिना मोडण्यापूर्वी घरातले माणूस दहा वेळा विचार करते, तसा सुट्या नाण्याविषयी करीत नाही. कडी लागली म्हणून जी नाणी वाचली त्यांची संख्या थोडी नसावी.

वहीतील आकडा आणखी एका प्रकारे फसवा ठरतो. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये चौथ्या विल्यमच्या नावाने दोन मोहोरांचे एक नाणे कलकत्त्यास पाडले. वजन दोन तोळे, कस बावीस कॅरट. पाठीवर सिंह आणि त्यामागे ताडाचे झाड. हिंदुस्थानात कंपनीने पाडलेल्या नाण्यांत याइतके देखणे दुसरे नाही असे पुष्कळ जाणकार मानतात. त्याची नोंदलेली संख्या ११७० आहे. परंतु जुने ठसे टांकसाळीत जपून ठेवलेले असत आणि पुढे कित्येक वर्षे हौशी मंडळींच्या मागणीवरून त्याच ठशांनी, त्याच जुन्या सनाची नाणी पुन्हा पाडून दिली जात. हे नाणे खोटे म्हणता येत नाही, कारण टांकसाळ खरी आणि ठसाही खरा. पण ते १८३५ चे आहे असेही म्हणता येत नाही. नाण्याच्या क्षेत्रातील ही मोठी अवघड जात आहे. पुनर्मुद्रित नाण्याची पाटी आरशासारखी चकचकीत असते, क्वचित जुन्या ठशाला चढलेल्या गंजाचे बारीक कण त्यावर उठलेले दिसतात, आणि व्यवहारात फिरल्याने येणारी झीज त्याला नसते. ११७० हा आकडा वाचून हुरळून जाणाऱ्या नवख्या संग्राहकाने आपल्यापुढचे नाणे त्या ११७० पैकी आहे की नाही, हे आधी पाहावयास हवे.

जेथे वहीच नाही तेथील गोष्ट याहून निराळी. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्यांच्या नावाचा सोन्याचा होन पाडला गेला. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, आकार बोटाच्या पेराएवढाही नाही. यावर राजाची मुद्रा नाही, सिंह नाही, की फारसी अक्षर नाही. बिंदूंच्या वर्तुळात मोजकी देवनागरी अक्षरे आहेत. दक्षिणेत होन शतकानुशतके चालत आले होते आणि स्वराज्याच्या खजिन्यातही नाना राज्यांचे, नाना नावांचे होन होते हे सभासदाच्या बखरीतील याद्यांवरून दिसते. त्या गर्दीत शिवराई होन किती पाडले गेले याची नोंद आज उपलब्ध नाही. महाराजांची तांब्याची शिवराई मात्र इतकी रुजली, की पुढे पेशवाईतही तशीच नाणी पडत राहिली आणि इंग्रजी अमलातही कित्येक वर्षे खेडोपाडी ती हातोहात फिरत होती. तांबे उरले आणि सोने गेले. अस्सल होन आज हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या ठिकाणीच पाहावयास मिळतात. त्यांच्या प्रतिकृती मात्र उदंड झाल्या आहेत आणि त्यांतील काही अस्सल म्हणून विकावयास काढण्याचे धाडसही होत असते. ‘आजोबांच्या पेटीत सापडला’ अशी कथा जितकी रसाळ, तितके नाणे संशयास्पद, हा या बाजारातला अनुभव आहे.

मुशीच्या तोंडातून परत आलेल्या सोन्याचे सर्वांत मोठे उदाहरण राजस्थानातले आहे. सन १९४६ मध्ये तेव्हाच्या भरतपूर संस्थानात, बयाना गावाजवळच्या नगला छेला या वस्तीत मुलांच्या हाती एक तांब्याचे भांडे लागले. त्यात गुप्त सम्राटांची सोन्याची नाणी खच्चून भरली होती. बातमी दरबारापर्यंत पोचण्यापूर्वी गावात वाटणी होऊन गेली होती आणि कित्येक नाणी वितळविलीही गेली होती. संस्थानच्या अधिकाऱ्यांनी जी परत मिळविली ती १८२१ भरली. गुप्तकालीन सुवर्णनाण्यांचा एवढा मोठा साठा त्यापूर्वी कोठेही सापडला नव्हता. भरतपूरच्या महाराजांनी ही नाणी अभ्यासासाठी ज्यांच्याकडे सोपविली ते डॉ. अनंत सदाशिव अळतेकर मूळचे कोल्हापूरकडचे. बनारस आणि पाटणा येथे अध्यापनात त्यांची हयात गेली. त्यांनी एकेक नाणे तोलून, मोजून, अक्षर न् अक्षर लावून केलेली सूची १९५४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली.

या सूचीतील आकडे वाचताना अंगावर काटा उभा राहतो. पहिल्या चंद्रगुप्ताची १० नाणी, समुद्रगुप्ताची १८३, काच नावाच्या राजाची १६, दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३, पहिल्या कुमारगुप्ताची ६२८. आणि एक, केवळ एक नाणे अळतेकरांनी स्कंदगुप्ताचे ठरविले. त्या एका नाण्याच्या आधारावर असे अनुमान बांधता आले, की हे भांडे कुमारगुप्ताच्या अखेरीस आणि स्कंदगुप्ताच्या आरंभी, म्हणजे इसवी सन ४५५ च्या सुमारास, पुरले गेले असावे. तो काळ हूणांच्या धास्तीचा होता. कोणी तरी आपली संपत्ती जमिनीत ठेवली आणि तो परत येऊ शकला नाही. हे सर्व एका नाण्याने सांगितले. त्याच भांड्यात दुसऱ्या चंद्रगुप्ताचे चक्रविक्रम नावाने ओळखले जाणारे नाणेही होते. एका दिव्य पुरुषाच्या हातून राजा प्रसाद घेत आहे असे त्यावरील चित्र. त्याही प्रकाराचे त्या साठ्यात एकच नाणे निघाले. गावातल्या वाटणीत ही दोन नाणी दुसऱ्या कोणाच्या ओच्यात पडली असती, तर ती काही तोळे सोन्यात मिसळून गेली असती आणि आपले काय गेले हेही कोणाला कळले नसते. जी वितळली त्यांत असे एखादे एकुलते एक नाणे होते की नाही, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

या ठिकाणी कायद्याचा विचार अवश्य करावा लागतो. पुरलेल्या धनाविषयीचा आपल्याकडचा कायदा १८७८ चा आहे. त्यास निखात निधी अधिनियम म्हणतात. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन ज्याला सापडेल त्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावयाचे आणि ते धन सुरक्षित ठेवावयाचे किंवा सरकारात भरावयाचे. कोणी मालक पुढे आला नाही तर त्यातील तीन हिस्से शोधणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमिनीच्या मालकाचा, हा सामान्य नियम. सरकारला ते धन हवे असल्यास धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश एवढी रक्कम देऊन ते घेता येते. कायदा वाटतो तितका कठोर नाही. खेड्यातील माणसाची समजूत मात्र अशी, की सरकारला कळले तर सगळेच जप्त होणार आणि वर चौकशीचा ससेमिरा लागणार. त्यापेक्षा रात्रीतून सराफाकडे जाणे त्याला सोयीचे वाटते. सराफ काही विचारीत नाही आणि रोख देतो. या भीतीला काही आधारच नाही असेही नव्हे. धातूच्या किमतीवर पंचमांश ही उदारता १८७८ मध्ये शोभली असेल; स्कंदगुप्ताच्या त्या एका नाण्याला ही मोजपट्टी लावून पाहिली तर तिचा अपुरेपणा लगेच ध्यानात येतो. ज्या जिल्ह्यात अधिकाऱ्याने स्वतः गावी जाऊन, चार माणसांसमोर नाणी मोजून, सहीशिक्क्याची पावती हाती दिली आणि मोबदला वेळेवर पोचविला, त्या जिल्ह्यात पुढचे भांडेही सरकारात येते. जेथे पावतीसाठी हेलपाटे घालावे लागले तेथे ते येत नाही.

संग्राहकाची जबाबदारीही लहान नाही. नाणे कोठे सापडले, कोणत्या भांड्यात, त्याच्या सोबत कोणती नाणी होती, हे विकत घेतानाच विचारून लिहून ठेवले पाहिजे. साठ्यातून वेगळे पडलेले नाणे म्हणजे पोथीतून सुटलेले पान होय. ते सुंदर असले तरी आधीचे व नंतरचे काही सांगू शकत नाही. दुसरे असे, की नाणे घासू नये. सोन्याला कीट चढत नाही. वरची माती रिठ्याच्या पाण्यानेही निघते. पण नवा धनी हौसेने त्याला चकाकी आणावयास जातो आणि पंधराशे वर्षे टिकलेली राजाच्या चेहऱ्यावरची रेघ पाच मिनिटांत नाहीशी होते.

खऱ्याखोट्याची पारख हा दीर्घ सरावाचा विषय आहे. तो केवळ वाचून येत नाही. तरी अचूक तराजू आणि बरे भिंग एवढ्या साधनांनी पुष्कळ काम भागते. बावीस कॅरटचे सोने आपल्या आकारमानाच्या पाण्यापेक्षा साडेसतरा पटींहून अधिक जड असते. हवेत एकदा आणि पाण्यात बुडवून एकदा असे दोनदा तोलले की हीणकस माल बहुधा पकडला जातो. बहुधा म्हणण्याचे कारण असे, की खोट्या नाण्यात सोने खोटेच असते असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बैरूत व इटलीकडच्या कारखान्यांतून अशा गिन्या निघाल्या, की त्यांतील सोने पुरेपूर आणि ठसा तेवढा बनावट. नाण्याची किंमत सोन्याहून अधिक असल्यामुळे हा धंदाही परवडत होता. त्याला आळा घालावा हाही एक हेतू ठेवून लंडनच्या टांकसाळीने १९५७ पासून व्यवहारासाठी पुन्हा नवी गिनी काढण्यास आरंभ केला. मुंबईचे ‘आय’ अक्षर पाहून लगेच १९१८ चे नाणे समजण्यातही आता चूक होऊ शकते. लंडनच्या परवान्याने हरियाणात २०१३ पासून गिन्या पाडल्या जाऊ लागल्या आणि त्यांवरही तेच अक्षर घालण्यात आले. मुद्रा कोणाची आणि सन कोणता, हे पाहिले की घोटाळा राहत नाही.

ज्याला हा अभ्यास मनापासून करावयाचा आहे त्याला साधनांची वाण नाही. १९१० मध्ये स्थापन झालेली भारतीय मुद्रा परिषद आहे, नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे. एखादी अस्सल मोहोर हाती घेण्यापूर्वी शंभर मोहोरा काचेआडून पाहिलेल्या असाव्यात. पैसे त्यामुळे वाचतातच. शिवाय पाहणाऱ्याचा डोळा तयार होतो.

राहता राहिली ती १९१८ ची जोडी. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पुरी झालेले नाणे पुरावस्तू ठरते आणि सरकारी अनुज्ञेवाचून ते देशाबाहेर नेता येत नाही. गुप्तांची नाणी, शिवरायांचे होन, कंपनीची दुमोहोर ही तर या व्याख्येत आधीच बसत होती. २०१८ साल उजाडले आणि मुंबईची गिनी व पंधरा रुपयांची मोहोर यांचीही शंभर वर्षे भरली. महायुद्धातील चणचण भागविण्यासाठी घाईघाईने पाडलेली, आणि गरज सरताच वितळविली गेलेली ती मोहोर आता कायद्याच्या दृष्टीने समुद्रगुप्ताच्या नाण्याच्या पंक्तीस बसली आहे. सराफाची मूस मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर, गल्लीच्या तोंडाशी, पूर्वीप्रमाणेच पेटलेली असते. आणि तिच्यापाशी आलेल्या नाण्यावर कोणता सन आहे हे सहसा कोणी वाचीत नाही.